तारेपलीकडचं घर

रस्त्याची अलीकडची बाजू एका देशात, पलीकडची दुसऱ्यात. पण आजवर ते कुणाच्या ध्यानातही नसायचं. गॅसवर भाजी ठेवून ताई समोर भावाकडे मीठ मागायला जायची. साथ आली आणि रस्त्याच्या मधोमध काटेरी तार उभी राहिली. आता भावाने अंथरूण धरलेलं, आणि ताई तारेपाशी पहारेकऱ्याची मनधरणी करत होती.

“अहो, तो बघा, खिडकीशी पडलाय. घोटभर पाणी द्यायलाही कुणी नाही.”

“माझ्या हातात काही नाही, मावशी. आजाऱ्याला भेटायला बंदी आहे. फक्त अंत्यविधीला सोडतात.”

समोरच्या खिडकीत खोकल्याची उबळ आली, ओसरली. मग भावाचा आवाज आला.

“थोडी कळ काढ, ताई. सोडतील तुला.”