सोसेल तेवढाच बूस्ट

“खरं सांग कैलास, बूस्ट किती ठेवला व्हतास?” राजेंद्रशेठनी विचारलं.

“पंधरा, शेठ.”

“आन् कंपनीचा किती असतो?”

“अकरा.”

 राजेंद्रशेठच्या पेट्रोल पंपाच्या केबिनमध्ये पंखा फिरत होता. खिडकीतून मागे पडलेली कैलासच्या मित्राची, संदेशची गाडी दिसत होती, मागून पार चेपलेली. तिचं इंजिन कैलासने सकाळीच उघडलं होतं. एका पिस्टनचा तुकडा उडाला होता.

कैलासचं इंदुरीत गॅरेज. टर्बो गाडीचा बूस्ट वाढवून घ्यावा तर त्याच्याकडूनच, असं तळेगावपासून लोणावळ्यापर्यंतची हौशी पोरं म्हणायची. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्या दाबाला म्हणायचं बूस्ट. दाब वाढला की गाडी झोकात ओढते. पण पेट्रोलला तो सोसला नाही, तर ते वेळेआधीच पेटतं आणि आत खडखड सुरू होते. ती खडखड इंजिन खाते. कैलास तर ताकही फुंकून पिणारा माणूस. इंजिनाला जोडलेला हेडफोन कानाला लावून तो दुधिवरे खिंडीच्या चढावर गाडी दामटायचा आणि बारीकशी खडखड ऐकू आली, की तिथून तीन आकडे खाली उतरायचा.

“पंपावरचं पेट्रोल दर टाकीला सारखं नसतं,” तो सांगायचा. “सोसंल त्याच्या खालीच ऱ्हायचं.”

पोरं त्याला भित्रा म्हणायची. त्यात सगळ्यात मोठा आवाज संदेशचा. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे, त्यामुळे चिडवण्याचा हक्कच होता त्याला.

तोच संदेश मागच्या आठवड्यात खोपोलीहून घाट चढत होता. एका ट्रकला मागे टाकताना इंजिन फुटलं, गाडीची ओढच गेली आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकला थांबता आलं नाही. संदेशचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

अशा वेळी धावून आले ते राजेंद्रशेठ. गावचाच माणूस, मोठ्या मनाचा. त्यांनी क्रेन पाठवून गाडी पंपामागे आणून ठेवली. आग लागायला नको म्हणून आधी टाकी रिकामी करून घेतली. दवाखान्यातही घरच्यांच्या आधी तेच पोचले होते.

“शेठ, राग नका मानू,” कैलास चाचरत म्हणाला. “पन कदी कदी पेट्रोलमुळंबी असं व्हतं. संदेशनं निघताना हितंच टाकी भरली व्हती.”

शेठ रागावले नाहीत. उलट खुर्ची जवळ ओढून बसले.

“अरे, निम्मं मावळ हितं भरतं. आन् माझ्या पिंकीची गाडी कुनी केली? तूच ना? तसलीच गाडी, तेवढाच बूस्ट. पोरगी रोज लोनावळ्याला जाती-येती. तिच्या इंजिनाला काय झालं का?”

 पिंकीची गाडी कैलासने संदेशच्या पाठोपाठच केली होती. मागच्या महिन्यात तिचे प्लग काढून पाहिले, तर अगदी स्वच्छ, खडखडीची खूणही नाही.

“चूक मानसाकडूनच व्हती,” शेठ हळू आवाजात म्हणाले. “संदेशच्या घरी चल. चार मानसांत कबूल कर. केस मी व्हऊ देत न्हाई. मन हलकं हुईल तुझं.”

कैलासला रडू फुटलं. उठताना तो शेठच्या पाया पडला.

संदेश घरी आला त्या दिवशी शेठच कैलासला त्याच्याकडे घेऊन गेले. ओसरीवर भावकीतली माणसं जमली होती. संदेश खाटेवर होता आणि त्याची बायको अनिता उशाशी उभी होती.

“माझा आकडा चुकला,” कैलास म्हणाला. “तुझा पाय माझ्यामुळं गेला, संदेश.”

संदेशने भिंतीकडे तोंड फिरवलं.

“भावजी, हे तुमाला भित्रा म्हनायचे,” अनिता म्हणाली. “मी म्हनायचे, गाडी भित्र्या मानसाच्या हातात हाय, तेच बरं.” तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

शेठनी कैलासच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढा एक हात नसता, तर तो तिथेच कोसळला असता.

गावाचं तोंड कोण धरणार? ‘पाय खाणारा मेस्त्री’ हे नाव दोन दिवसांत सोमाटण्यापर्यंत पोचलं. कैलासने मात्र कुणाशी वाद घातला नाही. आजवर केलेली एकेक गाडी त्याने परत बोलावली आणि फुकटात कंपनीच्या आकड्यावर आणून ठेवली. सगळ्या झाल्या की गॅरेजला कुलूप घालायचं त्याने ठरवलं होतं. ज्या कानांवर त्याचं पोट होतं, त्या कानांवरच त्याचा भरवसा उरला नव्हता.

शेवटची गाडी पिंकीची. बूस्ट उतरवण्याआधी त्याने एकदा हेडफोन लावून ती खिंडीच्या चढावर नेली. पंधरावर, पूर्ण जोरात. कुठेही खडखड नाही. आपले कानच कामातून गेलेत, असं त्याला वाटलं. परत येऊन त्याने अकरा लावले आणि किल्ली पिंकीच्या हातात दिली.

“पेट्रोल संपत आलंय बघ,” तो म्हणाला. “जाता जाता आपल्या पंपावर भरून घे.”

“आपल्या पंपावर?” पिंकी सीटबेल्ट लावत हसली. “छे! मी नेहमी सोमाटण्याला भरते. गाडी घेतली तेव्हाच पप्पांनी बजावलंय, कुठंही भर, पण आपल्या पंपावरचं पेट्रोल हिच्यात घालू नकोस.”