सात मिनिटांचं जंक्शन

जंक्शन यायला अजून दहा मिनिटं होती, तरी आत्या उठून उभी राहिली.

"चल, ठमे. उचल बॅग. आपण नवव्या डब्यात आणि पुलाच्या पायऱ्या येतात तिसऱ्यासमोर. सहा डबे आत्ताच गाडीत चालून टाकायचे. तेवढंच फलाटावरचं वाचतं."

भाचीने बॅग उचलली. आत्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मिनिटाच्या हिशेबाने कॉलरी शिवलेली बाई ती. गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. घरचे तिला 'चौकशी खिडकी' म्हणत, फरक इतकाच की ही खिडकी कधी बंद नसे. कुणाला कुठेही जायचं असो, आत्या दोन गाड्या जोडून निम्म्या भाड्यात पोचवायची आणि वर बजावायची, "मधली गाडी चुकवलीत तर मला तोंड दाखवू नका." आजवर कुणाची चुकली नव्हती.

आज मात्र भाची सारखी घड्याळ बघत होती. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. अकराच्या आत हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार, असं पत्रातच स्पष्ट लिहिलं होतं. थेट गाडीचं भाडं तिप्पट. आत्याने जुळवलेला प्रवास स्वस्त, पण दोन वेगळ्या तिकिटांचा. जंक्शनवरची गाडी हुकली की दुसरं तिकीट रद्दीत, आणि त्यापुढची गाडी एकदम दुपारी दोनला. आत्या सोबत आहे, या एकाच गोष्टीवर भाची घरातून निघाली होती.

आत्या एकेका सीटला धरत पुढे निघाली. "सरका, भाऊ. पाय घ्या आत. झोपेत असाल तरी घ्या." मग मान न वळवता भाचीला म्हणाली, "नऊ दहाला आपण फलाट एकवर. नऊ सतराला फलाट चारवरून तुझी गाडी. सात मिनिटं. तीन पुलाला, दोन डबा शोधायला, दोन घाबरायला."

"घाबरायला?"

"मग? तू काय न घाबरता जाणारेस? ती धरावीच लागतात."

"पण पुलाला तीनच कशावरून?"

आत्याने तेही करून ठेवलं होतं. मागच्या सुट्टीला ती मुद्दाम इथवर आली होती आणि फलाट एकच्या बाकावर तासभर बसून, पूल ओलांडणाऱ्या अकरा बॅगवाल्यांच्या वेळा तिने टिपल्या होत्या. "त्यात एक पोटुशी होती," आत्या म्हणाली. "तीसुद्धा साडेतीन मिनिटांत पलीकडे. तुला काय धाड भरलीय?"

तिसऱ्या डब्याच्या दाराशी दोघी पोचल्या आणि गाडी सिग्नलला थांबली. एक मिनिट गेलं. दोन गेली. भाचीने दारातून वाकून सिग्नल पाहिला. तिसरं मिनिट संपता संपता गाडी हलली.

"आता गं?"

"आता काय! घाबरायची दोन गेली, डबा शोधायचं एक गेलं. पुलाची तीन शाबूत आहेत. म्हणजे घाबरायचं नाही. वेळच नाही त्याला."

गाडी फलाटात शिरली तशी आत्याने पर्समधून एक पाकीट काढून भाचीच्या हातात कोंबलं. पायऱ्या खरंच दारासमोर आल्या. भाची उतरली आणि पळत सुटली. अर्ध्या पायऱ्या चढून गेल्यावर मागे पावलं ऐकू येईनात, म्हणून तिने वळून पाहिलं. आत्या अजून तळाशीच होती. कठडा धरून एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी.

"आत्या!"

"मागे वळून बघायला वेळ धरलेला नाही!" आत्याला धाप लागली होती, पण जरब जिथल्या तिथे होती. "पळ म्हणते ना! चार नंबर, डाव्या हाताला!"

भाची पळाली. पूल संपला, डावीकडे वळली, दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली. शिट्टी झाली. समोर येईल ते दार तिने धरलं, आत पाय टाकला, आणि ती खिडकीशी बसेपर्यंत गाडीला हिसका बसला.

धाप आवरत तिने पाकीट उघडलं. आत एकच तिकीट होतं, तिचं. सोबत आत्याच्या ठसठशीत अक्षरातला कागद. कुठे उतरायचं, स्टेशनाबाहेर कुठली बस, दवाखान्याचं मागचं फाटक जवळ पडतं की पुढचं. सगळं एकाखाली एक. अगदी तळाशी लिहिलं होतं:

"मी जंक्शनपर्यंतच. आधी सांगितलं असतं तर निघाली नसतीस. गुडघ्यांना जिने बंद आहेत. परतीची गाडी नऊ बावन्न, फलाट एक. तोवर बाकावर बसून राहणे. पूल चढायचा नाही."

भाचीने खिडकीच्या गजांना गाल टेकवून वर पाहिलं.

आत्या पुलावर होती. एका हाताने कठडा घट्ट धरून, दुसऱ्या हातातलं घड्याळ बघत.