फोटोच्या दिवशी

सकाळी अकरा वाजता सांगलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टर विजयमाला यांनी गुणमालेचे दोन फोटो दिव्याच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. साल १९७८. एक फोटो सांगलीचाच, गर्भाशयात औषध सोडून काढलेला एक्स-रे. दुसरा मुंबईचा, ध्वनिलहरींच्या नव्या यंत्रावरचा.

एक्स-रेत औषधाच्या पांढऱ्या त्रिकोणात एक काळी गोल जागा होती. मुंबईच्या करड्या फोटोत ती कुठेच नव्हती.

गाठ असली तर गुरुवारी शस्त्रक्रिया ठरलेली होती. गर्भाशय वाचेल अशी खात्री नव्हती. गुणमालेला अजून मूल नव्हते.

"बाई एक आन् पोटं दोन व्हय?" सासू चंदनबाला म्हणाली. "खरा कुठला म्हणायचा, डॉक्टरीणबाई?"

"मुंबईच्या यंत्रात बारीक गाठ दिसेलच असं नाही. आणि आपल्या फोटोत साकळलेलं रक्तही गाठीसारखंच दिसतं. फोटोच्या दिवशी पाळीचं रक्त पूर्ण थांबलं होतं ना?"

"थांबलं हुतं की! आदल्या दिवशीच न्हाऊन घरात आली हुती. सैपाक केला, बस्तीत, देवळात जाऊन पूजेचं गंध उगाळलं."

"मी हिला विचारतेय."

गुणमालेने उत्तर दिले, पण सासूकडे बघून. "न्हवतं थांबलं, आत्ती. थोडं थोडं जातच हुतं."

"मग आत कशी आलीस गं?"

"दोन महिनं बाजूला बसून काढलं. कुणी जवळ येत न्हाई, बोलत न्हाई. लय झालं. थांबलं म्हणून सांगितलं. घरात सांगितलं तेच हितं सांगितलं."

"आन् बस्तीत?"

गुणमाला काचेवरच्या फोटोंकडे बघू लागली.

डॉक्टरांनी गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द केली. रक्त थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. खरोखर थांबले की पुन्हा एक्स-रे.

"म्हंजी गाठ न्हाई?" चंदनबालेने विचारले.

"तेही आज सांगता येत नाही."

दुपारच्या आष्टा गाडीत एकच बाक मोकळा होता. गुणमाला खिडकीशी सरकून बसली.

"आवं आजी, बसा की, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

कसबे डिग्रज मागे पडले, तरी चंदनबाला दांडीला धरून उभीच होती.