पाचवा धोंडा

ताम्हिणीत वावटळ उठली की आमचा पत्रा उडतोच. दरसाली त्यो हुडकून आणून म्या पार दमलोय.

घरातल्या दर माणसानं आपल्या हातानं पत्र्यावर एक धोंडा ठिवायचा, ही आमची रीत. म्या, बायकू सारजा, धाकला भाव भैरू, त्याची बायकू, म्हातारी. धोंडे पाच.

औंदा पत्रा माळावर घावला. धोंडे त्याच्यावरच, ठिवल्या जागी, हललेसुदिक न्हाईत. पण चारच.

"दादा, कुणाचा गेला?" भैरू कुजबुजला.

"गप. पत्रा उचल."

दुपारी घरी आलो. सारजानं ताटं मांडली. चारच.

"आगं, एक कमी हाय."

"चारच की आपण. पयल्यापास्नं."

आमी पाचीजणं एकमेकांकडं बघत बसलो. ताटाला हात कुणीच लावंना.