बिरूआबाची कुबडी

“माझ्या पुतन्याच्या बोटावर खूण कशाला केली? बोल!” राजवर्धनने माधवीचे मनगट पिरगाळले. पोलिओच्या थेंबांची कुपी तिच्या हातातून सुटून सुप्याच्या बाजारातल्या धुळीत पडली.

“डोस दिला की करंगळी रंगवतो, दादा. दरसालची पद्धत हाय.”

“पोलिओ कवाच गेलाय देशातनं. मला शिकवती व्हय?” त्याने मोबाइल गर्दीपुढे नाचवला. “ह्यात बघा! पोरं पळवणारी टोळी आधी अशीच खूण करती.”

“शेजारच्या देशात हाय अजून. माणसाबरोबर येतोय तो. त्याला शीव कळत न्हाय.”

थप्पड बसली. माधवी खाली पडली तशा लाथा सुरू झाल्या. रांगेत पुढचा नंबर दोन वर्षांच्या स्वरालीचा होता; थेंब तोंडात पडायचे राहिले होते. तिच्या आईने, मनिषाने, तिला ओढून मागे घेतले.

“न्हाय पाजायचं माझ्या लेकीला! न्हायच!”

“काठी आना रं कुनी तरी!” राजवर्धन ओरडला.

शेळ्यांची दावी विकायला बसलेला बिरूआबा मध्ये पडायला उठला होता. लहानपणीच पोलिओने त्याचा एक पाय वाळवला होता. कुणीतरी त्याच्या काखेतली कुबडी हिसकावली आणि तो तोंडावर आपटला.

राजवर्धनने कुबडी दोन्ही हातांनी उगारली. माधवीने लशीचा डबा डोक्यावर धरला. डब्याचे झाकण फुटले. पुढच्या घावाला तिची भुवई फाटली. तो मारतच राहिला. शेवटी डब्याच्या कडेवर कुबडीच मोडली.

“मार, लेका,” बिरूआबा जमिनीवरून म्हणाला. “पन मी आता घरी कसा जाऊ?”

तोंडातले रक्त थुंकून आबाने हातांवर जोर दिला आणि वाळका पाय फरफटत तो माधवीकडे सरकू लागला. लोक बाजूला होत गेले. मागे धुळीत पायाची रेघ उठत गेली.

स्वरालीला तो खेळ वाटला. आईचा हात सोडून ती खाली बसली. एक पाय तसाच ओढत, खिदळत, ती त्या रेघेवरून आबाच्या मागे सरकू लागली.

“ऊठ!” मनिषा किंचाळली. “ऊठ, पोरी! पायावर हुबी ऱ्हा!”