सतरा नंबरचा दात

"मामा, ड्रिलचं पातं बदललं होतं?"

"बदललं होतं, बाई. दर दाताला नवं."

बाईंनी पडद्यावरचा आलेख पुन्हा पाहिला. चाळीस दात आजच्या माणसांचे, समोरच्या दंतवैद्याने काढून पाठवलेले. एक दात गुहेतला, दोन लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कवचातल्या प्रथिनात एक छोटासा बदल होता. तो बदल गुहेतल्या त्या प्राचीन माणसांबरोबरच संपला, आज जिवंत असलेल्या कुणातही नाही, हे सिद्ध करण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती. सोमवारी शोधनिबंध छापायला जायचा होता.

आणि सतरा नंबरच्या दातात नेमका तोच बदल दिसत होता.

"गुहेतल्या दाताची पूड याच्यात मिसळली. दुसरं काय असणार?"

मामा प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. निवृत्तीला दोन महिने उरले होते. ते बशीतला चहा फुंकत राहिले.

बाईंनी मामांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि सतरा नंबरच्या दाताचा उरलेला तुकडा स्वतःच्या हाताने तपासला. पुन्हा तेच.

"म्हणजे दातच बदललात तुम्ही. कुणी सांगितलं? माझ्यावर जळणाऱ्या त्या वरच्या मजल्यावरच्यांनी?"

"बाई, तुमचा माझ्यावर भारीच संशय. गेल्या वाढदिवसाला मी आणलेल्या केकलाही हात लावला नाहीत. मला वाटलं, विष घातलंय असं वाटतंय की काय तुम्हाला."

"गाल सुजला होता माझा. विषय बदलू नका. हा दात कुणाचा, माहीत आहे तुम्हाला?"

"आहे."

"मग सांगा."

"दात देणाऱ्याचं नाव फोडेल तो त्याच दिवशी घरी. नियम तुमचाच आहे."

"घरी तर तुम्ही असेही जाणार."

त्यांनी कामावरून कमी केल्याचं पत्र मामांसमोर टाईप केलं, सही केली. मग खोटं उघडं पाडायचंच म्हणून कपाटातून सतरा नंबरचं मोहोरबंद पाकीट काढून फाडलं.

आत दंतवैद्याच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. 'स्त्री, वय बावन्न. खालची डावी अक्कलदाढ.' खाली तारीख.

मामा खिडकीबाहेर बघत होते.

बाईंची जीभ हळूच डाव्या गालात मागे सरकली आणि तिथल्या रिकाम्या जागेवर थांबली.