ताईला पुरेल एवढा

काउंटरवर दोन प्रोसेसरचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले. मशीनवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मग ताई, कुठला बसवू?"

"गेमिंगवाला," ती म्हणाली.

काका थबकले. "पोरं खेळायला नेतात तो?"

"हो. भाऊ म्हणतो, वेगात तोच वरचढ आहे."

खरं तर तिचा जीव पहिल्यापासून सर्व्हरवाल्यावर होता. कामच तसलं. पूल, पाण्याच्या टाक्या, उंच इमारती वाऱ्यात किती हलतील याची गणितं ती आणि तिचा धाकटा भाऊ मांडत. एकेक गणित चार चार दिवस चालायचं. सर्व्हरचा प्रोसेसर चालीला सावकाश, पण दहा जणांचं ओझं एकटा ओढणारा, आणि त्याच्या जोडीची मेमरी आपली चूक आपणच पकडणारी. गेमिंगवाला चपळ खरा. पण चौथ्या दिवशी एखादा आकडा गुपचूप फिरला, तर कुणाला पत्ता लागायचा नाही आणि पूल मात्र त्याच आकड्यावर उभा राहायचा.

हे सगळं तिने महिनाभर भावाला कानीकपाळी ओरडून सांगितलं. तो मन लावून ऐकायचा, मधेच वहीत काहीतरी टिपून घ्यायचा, आणि शेवटी म्हणायचा, "ताई, आपल्याला घोडा हवाय, तू बैल काय धरून बसलीयस?" मग वेगाचे तक्ते काढून दाखवायचा. अखेर तिनेच हात टेकले. गणितातलं तिने बघायचं, यंत्रातलं त्याने, ही वाटणी वडील गेल्यापासून चालत आलेली. यंत्राच्या बाबतीत ती त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायची.

"बरं बापडे, तुमची मर्जी," काका डबा उघडायला घेत म्हणाले. "तासाभरात जोडून देतो. आणि काय हो, एक थोरलं हाताशी असलं की दुसरं धाकटं चालतंच. ते मागच्या आठवड्यातलं कसं चाललंय?"

"कुठलं?"

"भाऊंनी नेलं ते. सर्व्हरवालं."

तिला हसू आलं. दिवसभर माणसांची ये-जा असणारं दुकान, गल्लत व्हायचीच. "दुसऱ्या कुणाचं असेल, काका."

"छे हो. तुमचा तो पूल चालवून बघितला ना आम्ही त्याच्यावर. भाऊ म्हणाले, आमच्याकडे नवं मशीन आलं की पहिला मान बाबांच्या पुलाचा. उत्तर जुळलं तेव्हा नाचायचे तेवढे बाकी होते. सदतीस पूर्णांक चार."

त्या पुलाचं गणित वडिलांनी चार महिने खपून हाताने सोडवलं होतं. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक मशीनने आधी ते सोडवायचं, उत्तर जुळलं तरच त्याला कामाला लावायचं, हा घरचा नेम. ते उत्तर जगात दोघांनाच पाठ होतं.

"नव्या जागेत बसवायचंय म्हणाले. आम्हाला बोलवा की जागा बघायला," काका बोलून गेले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. मग उगाचच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले.

तिने तिथेच उभ्या उभ्या भावाला फोन लावला.

"तू स्वतःसाठी सर्व्हरवाला घेतलास?"

"काका बोलले वाटतं. मी रविवारी येऊन सांगणारच होतो, ताई."

"आणि मला महिनाभर घोड्याच्या गोष्टी सांगत होतास."

"त्यात खोटं काही नव्हतं. तुला खरंच गेमिंगवाला पुरेल."

"चार चार दिवसांची गणितं आहेत माझी. कसा पुरेल?"

"ती गणितं..." तो अडखळला. "पूलवाली कंपनी माझ्याबरोबर नव्या ऑफिसात येतेय. टाक्यांचं कामही. तुझ्याकडे घरं, गोदामं, असली किरकोळ कामं राहतील. त्यांना हा पुरून उरेल. उगाच तुला जास्तीचा खर्च कशाला, एवढंच माझ्या मनात होतं."

केसाने गळा कापणारे लोक तिने ऐकले होते. आधी गळ्याचं माप घेऊन, काळजीने कापणारा हा पहिलाच, आणि तोही पाठचा भाऊ. राग तर आलाच, पण त्याहून जास्त तिला लाज वाटली. सर्व्हरवालाच का घ्यावा, हे महिनाभर तिनेच त्याला पटवून दिलं होतं. आणि त्याला ते पटलंही होतं.

"ताई, ऐकतेयस ना? मशीन जड असतं, एकटी उचलू नकोस. मी येतो गाडी घेऊन, तासाभरात."

तिने फोन बंद केला. काका गेमिंगवाल्याचा अर्धवट उघडलेला डबा हातात धरून तसेच उभे होते.

"सर्व्हरवाला द्या," ती म्हणाली.

"तो जोडायला संध्याकाळ होईल, ताई."

"सगळं सुटंच द्या. जोडायचं कसं ते शिकेन मी. तो यायच्या आत मला इथून निघायचंय."